येताना तापणारा लॅपटॉप

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका मराठी शाळेत शिकवणारे आणि बेळगावहून रोज बसने जा-ये करणारे एक शिक्षक माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा त्यांना फक्त बॅटरी बदलून हवी होती. झाकण लावून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप घरी पोहोचेपर्यंत हात लावू नये इतका तापतो आणि चार्जिंग संपलेले असते, असे त्यांचे म्हणणे होते. बॅटरी जुनी होती, पण टाकाऊ नव्हती.

"जाताना पण तापतो का, सर?" मी विचारले.

"नाही, जाताना ठीक असतो, येतानाच तापतो. पण मधल्या सुट्टीत एकदा झाकण लावलं, तर येताना काही होत नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही."

मला ते पूर्ण खरे वाटले. नादुरुस्त सुटा भाग असा पाळ्या लावून बिघडत नाही; इतका काटेकोर क्रम दिसला की तो बहुधा कोणीतरी लिहून ठेवलेल्या सूचनेतून आलेला असतो.

लॅपटॉपवर लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई आवृत्ती होती. कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, नोंदींत 'सस्पेंड एंट्री डीप' (गाढ झोपेत प्रवेश) ही ओळ प्रत्येक वेळी होती, म्हणजे यंत्र झोपत होते. मात्र तापण्याच्या दिवशी तिच्यामागोमाग थोड्याच वेळात 'सस्पेंड एक्झिट' (झोपेतून बाहेर) उमटलेले होते. यंत्र झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर, पडद्यामागची कामे सांभाळणारी सिस्टीम-डी ही यंत्रणा ज्या फोल्डरमधील स्क्रिप्ट, म्हणजे छोट्या आज्ञावल्या, चालवते, त्या सिस्टीम-स्लीप फोल्डरमध्ये एक चिमुकली स्क्रिप्ट सापडली. लॅपटॉप सरांनी जुना घेतला होता आणि ती आधीच्या मालकाची होती. 'प्री' हा शब्द आला, म्हणजे झोपण्याची वेळ झाली, की यंत्राला उठवण्याची परवानगी कोणत्या भागाला आहे हे ठरवणाऱ्या, प्रॉक फोल्डरमधील एसीपीआय वेकअप या फाइलमध्ये 'एक्सएचसी' हे यूएसबी कंट्रोलरचे, म्हणजे यूएसबी जोडण्या सांभाळणाऱ्या भागाचे, नाव लिहायचे, एवढेच ती करत होती. हेतू चांगला होता: यूएसबीवरून कोणी यंत्राला उठवू नये. परंतु त्या फाइलमध्ये नाव लिहिल्याने परवानगी बंद होत नाही, ती उलटते. चालू असेल तर बंद होते आणि बंद असेल तर चालू. मशीन सुरू होताना परवानगी चालू असल्याने सकाळच्या पहिल्या झोपेला ती बंद व्हायची, आणि दुपारी शाळेतून निघताना पुन्हा चालू. मधल्या सुट्टीतले झाकण हा क्रम एका घराने पुढे सरकवत होते.

उठवणारा कोण, तेही पिशवीतच होते. वायरलेस माऊसचा रिसीव्हर लॅपटॉपला लावलेलाच असे आणि माऊस बटण बंद न करता शेजारच्या कप्प्यात. असे रिसीव्हर स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणूनही करून देतात आणि कीबोर्डला यंत्र उठवण्याचा अधिकार कर्नल आपणहून देतो, त्यामुळे बसचा एखादा धक्का पुरेसा होता. पुढे यंत्र पुन्हा झोपत का नव्हते, याचे उत्तर, झोपेसारख्या गोष्टी कोणत्या प्रोग्रॅमने अडवून ठेवल्या आहेत हे दाखवणाऱ्या 'सिस्टीमडी-इनहिबिट'च्या यादीत मिळाले: झाकणाची जबाबदारी एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरने सिस्टीम-डीच्या लॉगिन-डी या भागाकडून स्वतःकडे घेतली होती, आणि तो झाकण लागण्याच्या क्षणालाच हलतो, आधीपासून लागलेल्या झाकणाची दखल तो घेत नव्हता.

स्क्रिप्टमध्ये आधी स्थिती वाचून मगच लिहिण्याची अट घालता आली असती. पण मग लावलेला कोणताही यूएसबी कीबोर्ड यंत्राला उठवू शकला नसता, आणि सर घरी बाहेरचा कीबोर्ड वापरतात. म्हणून स्क्रिप्ट काढली आणि फक्त त्या रिसीव्हरच्या ओळख-क्रमांकासाठी यूडेव्हचा, म्हणजे जोडलेली उपकरणे ओळखून त्यांच्या सेटिंग्ज लावणाऱ्या यंत्रणेचा, एक नियम लिहिला, जो त्याच्या 'पॉवर/वेकअप'मध्ये थेट 'डिसेबल्ड' लिहितो; तोच शब्द कितीदाही लिहिला तरी परिणाम तोच राहतो.

लॅपटॉप झोपवून सरांच्याच हाती माऊस दिला. त्यांनी तो टेबलावर मनसोक्त फिरवला, झाकण उघडबंद करून पुन्हा फिरवला; पडदा काळाच राहिला. मग त्यांनी बाहेरच्या कीबोर्डची कळ दाबली आणि तो लगेच उजळला. बॅटरीचे पैसे मी घेतले नाहीत, कारण बॅटरी बदललीच नव्हती.