मागच्या सीटवरून: मेलबर्न ते जेमिसन, दोन दिवस आणि एक तंबू

मोटरसायकलवरच्या भटकंतीबद्दल बहुतेक वेळा पुढे बसणाराच लिहितो. इंजिन किती सीसीचं, टायर कुठला, वळणं किती. मागे बसलेलीची कंबर कुठल्या गावात बोलायला लागली, हे कोणी विचारत नाही. म्हणून या वेळी मी लिहितेय. आमच्यात गाडी नवरा चालवतो आणि कुठे थांबायचं ते मी ठरवते.

आम्ही राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मोटरसायकलचं लायसन्स नवं असेल, तर पहिली तीन वर्षं मागे कोणाला बसवता येत नाही. पुण्यात बुलेटवरून ताम्हिणी, वरंधा पालथे घातलेल्या माणसाला हे फार लागलं. ती तीन वर्षं त्याने एकट्याने फिरून काढली आणि मी घरी बसून तंबूंच्या किमती बघत काढली. नुकतेच इकडे आला असाल आणि जोडीने निघायचा बेत असेल, तर आधी हे तपासा.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे वजन. आमची सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५०. माणसं आणि सामान मिळून तिला साधारण २०० किलो चालतात. ऐकायला भरपूर वाटतं, पण हिशेब मांडून बघा. तो ७६, मी ५८, झाले १३४. हेल्मेटं, जाकिटं, बूट धरून दोघांचे १५. बाजूचे दोन आणि मागचा एक असे तीन डबे, रिकामेच, २०. उरले ३१ किलो. त्यात तंबू, अंथरूण-पांघरूण, स्टो, खाणं, कपडे, हत्यारं आणि पाणी. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, त्यात काही घासाघीस करता येत नाही. नवऱ्याला थालीपिठासाठी बिडाचा तवा हवा होता. काट्यावर ठेवला तर अडीच किलो. तो घरीच राहिला. घडीच्या खुर्च्या मात्र मी सोडल्या नाहीत, कारण दिवसभर मागे बसल्यावर रात्री जमिनीवर मांडी घालायची माझी तयारी नसते. बाथरूममधल्या वजनकाट्यावर एकेक पिशवी ठेवून हा हिशेब शुक्रवारी रात्री करा, शनिवारी सकाळी नाही.

जड वस्तू बाजूच्या डब्यांत, तळाशी आणि शक्य तेवढ्या पुढे. मागच्या डब्यात फक्त हलकंफुलकं, म्हणजे स्लीपिंग बॅगा, स्वेटर, चिवडा. मागचा डबा जड झाला की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल वळवळायला लागतं. ते मागे बसलेल्यालाही कळतं.

एप्रिल संपत आला होता. हा महिना आम्ही मुद्दाम निवडतो. उन्हाळ्यातले वणव्याचे दिवस सरलेले असतात आणि थंडी अजून अंगावर आलेली नसते. ईस्टर आणि अँझॅक डे (२५ एप्रिलची सुट्टी) यांना जोडून आलेले शनिवार-रविवार मात्र टाळायचे. त्या दिवसांत नदीकाठची प्रत्येक सपाट जागा शुक्रवारी संध्याकाळीच कोणीतरी पकडलेली असते. एप्रिलचा तोटा म्हणजे घड्याळ. पहिल्या रविवारी डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे ठेवायची पद्धत, संपतं आणि महिनाअखेर साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. कांगारू, वॉलबी, वॉम्बॅट रस्त्यावर येतात ते नेमके तेव्हाच. म्हणून आमचा नियम असा की साडेचारला तंबू उभा झालेला असला पाहिजे. मग वाटेत कितीही सुंदर काही का दिसेना.

सकाळी सातला निघालो. पहिल्याच सिग्नलला पुढच्या गाडीवाल्याने आरसा वाकडा केला. आमचा हेडलाइट सरळ त्याच्या डोळ्यांत जात होता. मागे एवढं वजन टाकल्यावर गाडीचं बूड खाली बसतं आणि नाक वर होतं. त्यासाठी मागच्या सस्पेन्शनचा हाताने फिरवायचा खटका गाडीच्या बाजूलाच दिलेला आहे, आणि तो फिरवायला नवरा विसरला होता. खाली उतरून फिरवला. हवेचं तसंच. दोघं असलो की मागच्या टायरमध्ये ४१ पीएसआय, एकटा असला की ३६. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण दोन वेगवेगळे आकडे असतात हे लक्षात ठेवा.

हिल्सव्हिलला कॉफी. तिथून नार्बेथाँगपर्यंत ब्लॅक स्पर. या रस्त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आटोपतं घेते. दोन्ही बाजूंना माउंटन अॅशची झाडं. नाव अॅश असलं तरी हा निलगिरीचाच एक भाऊबंद आणि फुलं येणाऱ्या झाडांत जगातल्या सर्वांत उंचांपैकी एक. त्यांच्या पायाशी पुरुषभर उंचीचे नेचे. पुढे बसणाऱ्याला इथे वळणांपलीकडे काही दिसत नाही. मला मान वर करून शेंडे शोधता येतात, हे मागच्या सीटचं सुख. सावध राहायचं ते रस्त्यावर पडलेल्या सालींच्या लांब पट्ट्यांपासून. ओल्या असल्या की केळीच्या सालीसारख्या निसरतात, आणि या सावलीत दुपारपर्यंत काही वाळत नाही. शिवाय लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक.

मेरिसव्हिलला आम्ही दर वेळी थांबतो. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात हे गाव जवळजवळ सगळं जळालं. त्या एका दिवसाच्या आगींनी व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली. आज गावात नवी घरं, नवी दुकानं दिसतात. डोंगराकडे बघितलं की मात्र पांढुरकी वाळलेली खोडं अजून उभी दिसतात, आणि त्यांच्यामधून दाट, कोवळी, एकाच वयाची झाडं वर आलेली. माउंटन अॅश आगीत मरतो आणि राखेतल्या बियांतून पुन्हा उगवतो. इथे पाय मोकळे करताना मी नेहमी आगीचं अॅप उघडून बघते, आणि तुम्हीही बघा. व्हिकइमर्जन्सी हे सरकारी अॅप फोनवर हवंच. टोटल फायर बॅन जाहीर झालेला असेल तर शेकोटीचा विषयच संपला. उन्हाळ्यात धोक्याची पातळी एक्स्ट्रीम किंवा कॅटास्ट्रॉफिक असेल तर रानात जायचंच नाही, बेत रद्द.

पुढे बक्स्टन, टॅगर्टी, थॉर्न्टन. उजव्या हाताला कथीड्रल रेंजची करवती धार बराच वेळ सोबत करते. नवऱ्याच्या पायांना मुंग्या यायला लागल्या की तो मान्य करत नाही. मी दर ६०-७० किलोमीटरला त्याच्या उजव्या खांद्यावर दोनदा थापटते, याचा अर्थ थांब. एकदा थापटलं तर हळू. इंटरकॉम आहे आमच्याकडे, पण तो या वेळी तिसऱ्या तासाला मुका झाला. थापटण्याला चार्जिंग लागत नाही. मागे बसणाऱ्यांसाठी आणखी एक. वळणात आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं. शरीर आपोआप गाडीबरोबर झुकतं. घाबरून उलट्या बाजूला झुकलात तर चालवणाऱ्याला गाडीशीही आणि तुमच्याशीही भांडावं लागतं. आणि सीटवर टाकायला केसाळ मेंढीचं कातडं घ्या. इथे सहज मिळतं, दिसायला गावठी वाटेल, पण जेलच्या महागड्या गादीपेक्षा माझ्या कंबरेला तेच मानवलं.

आयल्डनला टाकी पूर्ण भरायची. पुढे मोबाइलची रेंज जाते, पेट्रोलचा भरवसा नाही आणि खेड्यातले पंप संध्याकाळी लवकर मिटतात. घरी 'पोचलो' हा मेसेज कधी येईल तेही इथूनच सांगून ठेवायचं. आम्ही सॅटेलाइटवर चालणारा छोटा आपत्कालीन बीकन बाळगतो. फोन लागत असेल तर मदतीचा नंबर तीनदा शून्य, ०००.

आयल्डनचा जलाशय पहिल्यांदा बघितला तेव्हा आम्हाला दोघांनाही उजनी आठवली. नंतर आकडे बघितले तर खरोखरच जुळतात. याची क्षमता ३,३३४ अब्ज लिटर, आपल्या भाषेत साधारण ११८ टीएमसी. उजनीची ११७. उजनीच्या पोटात पळसदेवचं देऊळ आहे, तर याच्या पोटात डार्लिंगफोर्ड नावाचं गाव. १९५० च्या दशकात धरण वाढवलं तेव्हा ते बुडालं. आणि गाव बुडायच्या कितीतरी आधीपासून हा सगळा मुलूख टाउंगुरुंग या इथल्या मूळ रहिवाशांचा.

आता या सहलीचा गाभा, आयल्डन ते जेमिसन. साधारण ६० किलोमीटर, पूर्ण डांबरी, आणि सरळ असा तुकडा शोधावा लागतो. अंतर बघून एक तास धराल तर फसाल. दोघं आणि सामान असताना आम्हाला दीड तास लागतो आणि त्याची लाज वाटत नाही. वळणाच्या तोंडाशी पिवळ्या पाटीवर सुचवलेला वेग असतो, ३५, ४५ असा. एकट्याने चालवताना नवरा त्या पाट्यांकडे कितपत लक्ष देतो ते मला माहीत नाही. मी मागे असताना देतो. भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि वळणात उशिरा उठते. कड्यावरून घरंगळलेली खडी वळणाच्या आतल्या बाजूला साचलेली असते. शिवाय मागून हलक्या गाड्यांवरचे वीर येतात. त्यांना डावीकडे सरून जाऊ द्यायचं. ते जाताना पाय बाहेर काढून आभार मानतात. समोरून येणारे मान हलवतात. मीही हलवते, पण बघितलंय की मागे बसणारीला उत्तर क्वचितच येतं.

दमलेला माणूस इथे चुका करतो. म्हणून जेवण आयल्डनलाच उरकून, ताजंतवानं होऊन हा रस्ता घ्या.

जेमिसन म्हणजे गोलबर्न आणि जेमिसन या नद्यांच्या संगमावरचं सोन्याच्या काळातलं गाव. एक मुख्य रस्ता, जुनी घरं, पानगळीत लालपिवळी झालेली विलायती झाडं. गावापासून वुड्स पॉइंटच्या दिशेने निघालं की रस्ता गोलबर्नच्या काठाने जातो आणि काठावर तंबूसाठी मोकळ्या जागा लागतात. फुकट, आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची. सोयी म्हणाल तर फारतर खड्ड्याचा संडास. नळ नाही, कचरापेटी नाही. कागद आपला आणायचा, कचरा आपला न्यायचा, नदीचं पाणी उकळून घ्यायचं. रस्त्याला खूप पुढे गेलं की डांबर संपतं. भरलेल्या गाडीने तिकडे जायची काही गरज नाही, चांगल्या जागा अलीकडेच आहेत. आणि उतरण्याचा कच्चा रस्ता आधी मी पायी चालून बघते. खाली जाणं नेहमी जमतं, सकाळी दव पडलेल्या गवतावरून वर येणं जमेल का, हा खरा प्रश्न.

नदीच्या अगदी जवळची जागा मोह घालते, पण तिथे मोठा निलगिरी असेल तर नको म्हणा. त्याच्या जाडजूड फांद्या वारा नसतानाही, काही न सांगता तुटून पडतात. आम्ही झाडांपासून दूर, जरा ओबडधोबड जागा घेतली. साइड स्टँड मऊ मातीत रुततो, त्याखाली चपटा केलेला डबा किंवा लाकडाची फळी ठेवा. आडवी झालेली भरलेली गाडी दोघांनी उचलायचा अनुभव आम्हाला आहे, तुम्हाला नसू दे.

शेकोटीचे नियम कडक आहेत आणि ते असावेतच. आधीची चूल असेल तर तीच वापरायची, नाहीतर ३० सेंटिमीटर खोल चर खणायचा. सभोवती आणि वर ३ मीटर काही पेटण्यासारखं नको. हाताशी किमान १० लिटर पाणी. हे १० लिटर गाडीवर वाहून आणायचे नाहीत, घडीची बादली न्यायची आणि नदीतून भरायची. निघताना माती टाकून आग विझत नाही, आत धुमसत राहते. पाणी ओतायचं, ढवळायचं, आणि हात लावून थंड लागलं तरच निघायचं.

रात्री मुगाची खिचडी, मेतकूट, तूप. सकाळी थालीपीठ, पातळ नॉनस्टिक तव्यावर. कॅम्पिंगच्या दुकानातली सुकवलेली जेवणाची पाकिटं महागही असतात आणि बेचवही. भाजणी वजनाला हलकी, फ्रिज लागत नाही, पाण्यात कालवली की झालं. खाणं झाल्यावर सगळं डब्यात बंद करून कुलूप. शेंगदाण्याची चटणी तंबूच्या ओसरीत राहिली होती, ती रात्री पॉसम या निशाचर प्राण्याने उघडली. चाटूनपुसून साफ. तिखट होती, तरी.

थंडीची तयारी म्हणजे बहुतेकजण जाड पांघरूण समजतात. पहिल्या वर्षी आम्हीही समजलो आणि पहाटे तीनला दात वाजले. थंडी खालून येते. खालची गादी चांगली घ्या, पैसे तिथे घाला. पारा पाचाच्या आसपास उतरला होता आणि या वेळी मी झोपले.

रविवारी मॅन्सफिल्ड, साधारण ३७ किलोमीटर. गावाच्या मधोमध चौकात तीन पोलिसांचं स्मारक आहे. २६ ऑक्टोबर १८७८ ला स्ट्रिंगीबार्क क्रीकला नेड केली या प्रसिद्ध दरोडेखोराच्या टोळीने मारलेले. केलीचे टी-शर्ट देशभर विकले जातात. या गावाने मात्र चौकात जागा पोलिसांना दिली. बेकरीत शाकाहारी पेस्टी मिळाली, गरम होती, चव विचारू नका. इथून व्हिटफिल्डकडे जाणारा रस्ता बाइकवाल्यांचा लाडका आहे. नवऱ्याने गाडी तिकडे वळवलीही. मी दोनदा थापटलं. आदल्या दिवशीची ६० किलोमीटरची वळणं माझ्या मानेत शिल्लक होती. तो रस्ता करायचा असेल तर सोमवारची सुट्टी जोडून घ्या.

बॉनी डून, येया, घर. मॅन्सफिल्डपासून सुमारे १९० किलोमीटर, बरंचसं १०० च्या वेगाचं आणि कंटाळवाणं. तेवढ्यासाठी कानात बोळे घाला.

दवाने भिजलेला तंबू तसाच गुंडाळून आणला होता. एक दिवस जरी तसा राहिला तर बुरशीचा वास धरतो आणि मग जात नाही. अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या गोल फिरणाऱ्या दोरीवर टाकला. बुधवारपर्यंत तो तिथेच होता, आणि शेजारच्या आजी कुंपणावरून विचारत होत्या, घरात पाहुणे आलेत का.