ऑफिसच्या लॅनवर ८०२.१एक्स लावताना: माझा अनुभव

आमचं ऑफिस अंधेरीत. मीटिंग रूममधल्या लॅन पोर्टला कुणीही लॅपटॉप लावावा आणि थेट आतल्या सर्व्हरपर्यंत पोहोचावं, अशी स्थिती होती. ती बंद करायची म्हणून ८०२.१एक्स, म्हणजे ओळख पटल्याशिवाय पोर्ट उघडू न देणारी पद्धत, लावायचं ठरलं.

पासवर्डवर चालणारी पीईएपी पद्धत सोपी पडली असती, पण मी तिच्या विरोधात होतो. विंडोज ११ एंटरप्राइझमध्ये २२एच२ आवृत्तीपासून क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची गुपितं कुलूपबंद ठेवणारं संरक्षण) आपोआप चालू होतं, आणि मग लॉगिनचाच पासवर्ड पीईएपीच्या आतल्या एमएस-चॅप-व्ही२ या पासवर्ड-तपासणीला परस्पर मिळत नाही. शिवाय मला ओळख हवी होती ती मशीनची. लॉगिन स्क्रीन दिसण्याआधी पीसी नेटवर्कवर असेल, तरच नवा माणूस त्यावर पहिल्यांदा लॉगिन करू शकतो. म्हणून ईएपी-टीएलएस, म्हणजे पासवर्डऐवजी मशीनचं डिजिटल सर्टिफिकेट.

सर्टिफिकेटच्या टेम्पलेटवर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ ग्रुपला ऑटोएनरोलची (आपोआप सर्टिफिकेट घेण्याची) परवानगी, ओळख तपासणारा एनपीएस सर्व्हर, स्विचवर त्याच्याशी बोलणारा रेडियस प्रोटोकॉल: इथपर्यंत सगळं सरळ गेलं. लक्ष द्यावं लागतं ते वायर्ड ऑटोकॉन्फिगकडे. विंडोजमध्ये ही सर्व्हिस मुळात मॅन्युअल असते. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधून) ती ऑटोमॅटिक केली नाही, तर खिशात सर्टिफिकेट असूनही पीसी वायरवर ते दाखवतच नाही.

मग नव्या मशीनचा पेच. सर्टिफिकेट मिळायला नेटवर्क हवं आणि नेटवर्क मिळायला सर्टिफिकेट! आयटी रूममध्ये, कुलपाच्या आत, सर्टिफिकेट न मागणारा एक वेगळा व्हीलॅन (स्विचवरच वेगळं काढलेलं नेटवर्क) ठेवला. डोमेन जॉइन (मशीन कंपनीच्या डोमेनला जोडणं) तिथेच करायचं, सर्टिफिकेट उतरलं की मशीन टेबलावर. प्रिंटरना मॅक ॲड्रेसवर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर, आत घेतलं. मॅक सहज नकली करता येतो, त्यामुळे त्यांच्या व्हीलॅनमधून फक्त प्रिंट सर्व्हर दिसतो.

स्विच आधी मॉनिटर मोडवर ठेवले: कुणी अडत नाही, पण नकाराची नोंद होते. एनपीएसच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ६२७३ उघडला की मशीनचं नाव, लागलेली पॉलिसी आणि नकाराचं कारण समोर येतं. तो लॉग शांत झाला तसा एकेक मजला पक्का केला, म्हणजे नकार खरोखर लागू केला. अकाउंट्सच्या मॅडमनी आधीच बजावलं होतं, “वीस तारखेपर्यंत आमच्या मजल्याला हात लावू नका हं, जीएसटीचा थ्री-बी भरायचाय.” त्यांचा मजला शेवटी घेतला.

आता रोज सकाळी एक स्क्रिप्ट सीआरएलची, म्हणजे रद्द केलेल्या सर्टिफिकेटांच्या यादीची, मुदत तपासते. ती यादी शिळी झाली, की सर्टिफिकेट खरं असलं तरी एनपीएस सरसकट सगळ्यांना नाकारतो.