आधी गळती दाखवू, मग पार्ट बदलू : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप माझगावच्या बाजूला आहे, भाऊच्या धक्क्यापासून फार लांब नाही, आणि काम म्हणजे बोटींची इंजिनं, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, शाफ्ट, जे जे म्हणून फिरतं आणि ज्याच्यात काहीतरी पातळ भरलेलं असतं ते सगळं. वडिलांनी सुरू केलं तेव्हा दुकान असं नव्हतंच, एक लोखंडी पेटी आणि ओळखीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, एवढ्यावर धंदा चालायचा. लाँच बंद पडली की निरोप यायचा, वडील पेटी उचलून धक्क्यावर जायचे, जागेवरच काम करायचे आणि सुटा पार्ट लागला तर दारूखान्याच्या किंवा नागदेवीच्या बाजारातून आणायचे. मजुरी कमी, पार्टवर थोडं सुटायचं, त्यातच घर चाललं, आम्ही दोघं भाऊ शिकलो.

मी आणि धाकटा भाऊ पूर्णवेळ उतरलो तेव्हा आम्हाला एक गोष्ट सारखी दिसायला लागली, ती म्हणजे जुन्या बोटींची सगळ्यात जास्त बोंब गळतीची असते आणि सगळ्यात जास्त पैसा पण तिथेच वाया जातो. इंजिन चालू होत नाही तर ते होत नाही, सरळ मामला आहे. पण "तेल कमी होतंय", "बिल्जमध्ये (म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट भागात) काहीतरी साचतंय", "स्टिअरिंग ढिलं लागतंय" अशा तक्रारीला बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, सील बदला. सील बदललं, पंधरा दिवसांनी परत तेच, मग गॅस्केट बदला, मग होज बदला. मालक बिचारा पैसे भरत राहतो आणि शेवटी म्हणतो की बोट जुनी झाली, विकून टाकू. वीस-पंचवीस वर्षांची फायबरची बोट नीट ठेवली तर अजून कितीतरी चालते हो, तिला भंगारात नेणारी गोष्ट बऱ्याचदा एक ओ-रिंग असते.

तर आम्ही ठरवलं की गळती शोधायचे पैसे वेगळे घ्यायचे आणि जोपर्यंत थेंब कुठून बाहेर येतो ते डोळ्यांनी दिसत नाही तोपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही. घरात यावरून बरीच वादावादी झाली. वडील म्हणाले, "अरे नुसतं बघायचे पैसे कोण देतं? लोक पार्टचे देतात, हाताला काहीतरी लागतं त्यांच्या." त्यांचं म्हणणं धंद्याच्या हिशेबाने बरोबर होतं आणि सुरुवातीला गिऱ्हाईक तसंच बोलायचं पण, "काय बदललं?" "अजून काही नाही." "मग बिल कसलं?" बायको हिशेब बघते, तिला तर फोनवर हेच समजावत बसायला लागायचं. पहिल्यांदा कबूल झाले ते लाँचवाले. त्यांना लगेच पटलं कारण लाँच एक दिवस धक्क्याला बांधून ठेवली तर तेवढं भाडं बुडतं, आणि चुकीचा पार्ट बदलला की तीच लाँच परत बांधून ठेवावी लागते. एका तांडेलकाकांनी तर वडिलांनाच सांगितलं, "पोरं बरोबर करतायत, माझा शनिवार-रविवार वाचला." त्यानंतर वडिलांनी विषय सोडला.

आता शोधतो कसं ते सांगतो, कारण हेच आमचं खरं काम आहे आणि बोटीच्या मालकाला अर्धं तरी स्वतः करता येतं.

गळती जिथे दिसते तिथून ती निघत नाही, हे पहिलं धरून चालायचं. बोट वेगात असली की नाक वर होतं आणि सगळं मागे वाहतं, म्हणून इंजिनच्या पुढच्या टोकाला झिरपलेलं तेल मागच्या फ्लायव्हील हाऊसिंगखाली थेंब थेंब दिसतं आणि माणूस म्हणतो मागचं मेन सील, म्हणजे इंजिनचा मुख्य शाफ्ट मागून बाहेर येतो तिथलं सील, गेलं. मेन सील बदलायचं म्हणजे बहुतेक बोटींत गिअरबॉक्स तरी काढा नाहीतर अख्खं इंजिन वर घ्या, खर्च विचारू नका. म्हणून आधी सगळं साफ करायचं. डीग्रीझर मारायचा, धुवायचं, पुसायचं, हवा मारून कोरडं करायचं. हे काम कंटाळवाणं आहे, इंजिनरूममध्ये मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, पण मळलेल्या इंजिनवर गळती शोधणं म्हणजे वेळ घालवणं आहे आणि आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला पहिले काही महिने हेच शिकवतो. धुतलेलं पाणी बिल्जमधून समुद्रात सोडायचं नाही, बिल्जचं पाणी आपोआप बाहेर टाकणाऱ्या पंपाचा ऑटो स्विच आधी बंद करायचा. एक तर बंदरात तेल सोडणं गुन्हा आहे आणि दुसरं म्हणजे ऑटो पंप चालू राहिला तर तो पुरावाच बाहेर फेकून देतो. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमात येतं, आम्ही ते ड्रममध्ये साठवून परवानावाल्यालाच देतो.

साफ झालं की इंजिनखाली, गिअरबॉक्सखाली, पंपाखाली शोषून घेणारे पांढरे पॅड अंथरायचे आणि प्रत्येकावर मार्करने कुठला ते लिहायचं. मग पॅडवर काय येतं ते बघायचं. डिझेल इंजिनचं तेल काळं असतं, बऱ्याच हायड्रॉलिक गिअरबॉक्सात एटीएफ नावाचं ट्रान्समिशनचं तेल असतं ते लालसर, कूलंट हिरवं नाहीतर गुलाबी आणि बोटाला चिकट लागतं, स्टिअरिंगचं तेल पातळ आणि स्वच्छ, डिझेलला वास, आणि खारं पाणी वाळलं की पांढरं मीठ सोडतं. कूलंटची चव घेऊन बघणारे लोक आहेत अजून, कृपा करून तसं करू नका, त्यात बहुतेक वेळा एथिलिन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे. फक्त रंग ओळखता आला तरी अर्धी शंका मिटते. त्यापुढे संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर फवारायची, इंजिन चालवायचं, पावडरीवर ओली रेघ उमटते ती वरच्या दिशेने धरून जायचं. आणि त्यानेही नाही सापडलं तर यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही उजेडात चमकणारा रंग. तेलाचा वेगळा आणि कूलंटचा वेगळा मिळतो, तो आत टाकायचा, इंजिन लोडवर चालवायचं आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा, गळतीची जागा पिवळीहिरवी चमकते.

पेट्रोल असेल तर मात्र यातलं काहीही करायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये बसून राहते आणि एका ठिणगीला पुरते. वास आला की बॅटरीचा कुठलाही स्विच हलवायचा नाही, माणसं उतरवायची, झाकणं उघडून हवा जाऊ द्यायची, आणि तोवर आमचा माणूस आत उतरत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

एक काम सविस्तर सांगतो कारण त्याच्यानंतर आमच्याकडे गेटवेच्या बाजूच्या मूरिंगवरच्या, म्हणजे पाण्यातच बांधून ठेवलेल्या, बोटी यायला लागल्या, आधी सगळं काम धक्क्यावरचं आणि मच्छीमारांचंच होतं. फायबरची केबिनवाली जुनी बोट, दोन डिझेल इंजिनं, मालक सुट्टीला मांडव्याला जाऊन येणारे. तक्रार अशी की उजव्या गिअरबॉक्सचं तेल दर फेरीला कमी होतं. दुसरीकडे सील दोनदा बदलून झालेलं. बिल्जमध्ये तेल होतंच, त्यामुळे सील गळतंय याबद्दल कुणाला शंकाच नव्हती.

आम्ही धुतलं, पॅड टाकले, इंजिन चालवलं. पॅड काळे झाले. आमचा मोठा मिस्त्री पॅड हातात धरून म्हणाला, "भाऊ, गिअरबॉक्सात लाल आहे, हे काळं आहे, मग लाल जातंय कुठे?" तोच प्रश्न होता. बिल्जमधलं तेल इंजिनचं होतं, गिअरबॉक्सचं एक थेंबही नव्हतं, आणि तरी डिपस्टिकवरची, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरची, पातळी खाली येत होती. बोटीवर गिअरबॉक्सचं तेल आणि समुद्राचं पाणी एकाच वस्तूत शेजारी शेजारी वाहतं ती वस्तू म्हणजे ऑइल कूलर. आत पातळ नळ्या असतात, नळ्यांतून खारं पाणी जातं आणि बाहेरून तेल, एखादी नळी खाऊन गेली की इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर जास्त म्हणून तेल पाण्यात जातं आणि पाण्याबरोबर एक्झॉस्टमधून समुद्रात. बिल्जमध्ये त्यातलं काहीच दिसत नाही.

पहाटे पाणी शांत असताना बोट दोन्हीकडून घट्ट बांधून इंजिन गिअरमध्ये टाकलं आणि मागे बघितलं. उजव्या एक्झॉस्टखाली रंगीत तवंग पसरत होता, डाव्या बाजूला जवळजवळ नाही. पण तवंग अर्धवट जळालेल्या डिझेलचा पण येतो, जुन्या इंजिनला तर येतोच, म्हणून एवढ्यावर कूलर बदला असं आम्ही मालकांना सांगितलं नाही. कूलर उतरवला, तेलाची एक बाजू बंद केली, दुसरीकडून मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढीच हवा भरली आणि पाण्याच्या पिंपात बुडवला. थोडा वेळ काहीच नाही. मग एका नळीच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची सलग माळ वर यायला लागली. मालक स्वतः उभे होते, त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला. कूलरमधली झिंकची पेन्सिल, जी बाकी धातूच्या आधी स्वतः झिजायला बसवलेली असते, ती काढून बघितली तर झिंक नावाला पण शिल्लक नव्हतं, फक्त पितळेचा प्लग, आणि त्या पितळेवर गुलाबी झाक आलेली. पितळ असं गुलाबी दिसायला लागलं की त्यातलं जस्त खारं पाणी खाऊन गेलंय आणि उरलंय ते ठिसूळ तांबं, बाहेरून धड दिसतं पण स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तुकडा पडतो. झिंक संपल्यावर पाण्याने पुढची वस्तू खायला घेतली एवढंच.

गिअरबॉक्सचं तेल उघडलं तर स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं, म्हणजे इंजिन बंद असताना थोडं पाणी उलटं आत पण येत होतं. हे अजून एक सीझन चाललं असतं तर क्लच प्लेटा आणि बेअरिंग गेलेच होते. खराब नळी दोन्ही तोंडांना बंद करून कूलर चालवता येतो, बरेच जण करतात, पण एक नळी गेली की बाकीच्या त्याच वयाच्या असतात म्हणून आम्ही नवीन कूलरच टाकला, तेल स्वच्छ येईपर्यंत परत परत भरून काढलं आणि डाव्या बाजूचा कूलर पण तपासून दिला. आणि ते काळं तेल? डाय टाकून बघितलं, ते इंजिनच्या माथ्यावरच्या रॉकर कव्हरच्या गॅस्केटच्या मागच्या कोपऱ्यातून निघून इंजिनच्या पाठीवरून खाली ओघळत होतं. काही शे रुपयांचं गॅस्केट. त्याच तेलावरून आधी कुणीतरी त्यांना मेन सीलसाठी इंजिन वर घ्यायचं कोटेशन दिलेलं.

त्या व्हिडिओनंतर आम्ही नियमच केला, प्रत्येक कामाचा फोटो आणि व्हिडिओ मालकाच्या व्हॉट्सॲपवर जाणार, थेंब दिसलाच पाहिजे त्यात. शोधायच्या बिलावरून वाद जवळपास संपले. इन्शुरन्सचे सर्व्हेयर पण आता आमचे फोटो मागून घेतात.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये बोटी महिनोन् महिने जागेवर उभ्या राहिल्या, आमचं उत्पन्न शून्य, पोरांचे पगार उधारीवर दिले. पण नंतर बोटी परत सुरू झाल्या तेव्हा एवढ्या गळत्या निघाल्या की आम्हाला उसंत मिळेना. उभ्या बोटीचं सील कोरडं पडतं, कडक होतं, शाफ्टला चिकटतं आणि पहिल्याच फेरीत ओठ फाटतो. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या रॉ वॉटर पंपाचं इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, रबरी असतं, त्याची पाती एकाच बाजूला वाकून तशीच राहतात. त्या पंपाच्या अंगाला खालून एक छोटं भोक असतं, पाण्याचं सील आणि तेलाचं सील यांच्या मधोमध. ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे, तिथून पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं, तेल आलं तर तेलाचं गेलं. एका बोटीवर तर ते भोक एम-सीलने बुजवलेलं सापडलं! गळती थांबली म्हणून मालक खूश होते आणि पाणी आतल्या आत इंजिनच्या तेलात जात होतं. हात जोडून सांगतो, ते भोक कधीही बंद करू नका.

स्टिअरिंगचं पण सांगायलाच हवं. हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये तेल कमी झालं म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे भेटतात, ब्रेक ऑइलने त्यातली सगळी सीलं फुगून खराब होतात. आणि चाकामागच्या पंपाचं सील गळत असेल तर तेल पॅनलच्या मागून फ्लोअरखाली जातं, बिल्जमध्ये इंजिनपाशी दिसतं आणि माणूस इंजिनला दोष देत बसतो. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंग ओलं लागतंय का बघा आधी.

उलट शाफ्टच्या पॅकिंग ग्लँडचं, म्हणजे पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जागेचं. जुन्या पद्धतीच्या पॅकिंगला चालताना थोडं टपटपणं लागतंच, त्या पाण्यानेच ते थंड राहतं, पूर्ण आवळलं तर शाफ्टला चर पडतो. तिथलं पाणी बघून घाबरलेले फोन खूप येतात, आम्ही बोलावून पैसे घेत नाही, फोनवरच सांगतो.

आज आम्ही दोघं भाऊ, मोठा मिस्त्री आणि चार पोरं आहोत, वडील रोज संध्याकाळी येऊन बसतात आणि पोरांनी पॅडवर नाव नीट लिहिलंय का ते बघतात. धंद्याचं सगळ्यात मोठं दुखणं अजून वेळेचं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पावसात छोट्या बोटी पण वर ओढलेल्या, आणि सगळ्यांना सगळं काम नारळी पौर्णिमेच्या आत हवं. पण वर ओढलेल्या बोटीवर गळती नीट सापडत नाही. इंजिन लोडवर नाही, तेल तापत नाही, प्रेशर येत नाही, हल म्हणजे बोटीचं अंग हलत नाही. काही सीलं थंड असतानाच गळतात आणि तापली की बसतात, काही बरोबर उलटं करतात. म्हणून आता आम्ही ओळखीच्या सगळ्या तांडेलांना आणि मालकांना एप्रिलमध्येच फोन लावतो की बोट पाण्यात आहे तोवर एक फेरी आम्हाला द्या, गळती मे महिन्यात शोधून ठेवू, पार्ट मागवून ठेवू आणि बोट वर आली की फक्त बसवायचं काम राहील. यंदा बऱ्याच जणांनी ऐकलं. ज्यांची बोट आधीच वर गेलीय त्यांनी निदान शेवटच्या फेरीला कुठलं तेल किती टाकलं ते आठवून लिहून ठेवा आणि बिल्ज धुवायच्या आधी तिचा एक फोटो काढून पाठवा, आम्हाला तेवढ्यावरून पण सुरुवात करता येते.