नव्वद दिवसांची अट

परचेस मॅनेजरनी पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, माझ्यापुढे सरकवला. चार प्लांट, प्रत्येकी ३ लाख, वर १८ टक्के जीएसटी. आमच्यासारख्या सहा जणांच्या कंपनीला ही ऑर्डर म्हणजे लॉटरीच. मी आधी तिसरं पान उलटलं. पेमेंट: बिल मिळाल्यापासून नव्वद दिवस.

नाशिकला आम्ही जॉबवर्कच्या चलनांचं, म्हणजे कारखान्याने कामासाठी बाहेर पाठवलेल्या मालाच्या पावत्यांचं, सॉफ्टवेअर बनवतो. मशिनिंगला, प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला कुठला माल कुणाकडे गेला आणि त्यातला किती परत आला, याचा हिशेब. बाहेर पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटीच्या लेखी तो पाठवलेल्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर व्याजासकट बसतो. त्यामुळे स्टोअरवाल्यांना आमची गरज पटवावी लागत नाही. गुंतवणूकदार नाही, बँकेचं कर्ज नाही. जे काही चालतं ते गिऱ्हाइकांच्या पैशावर. बरीचशी छोटी वर्कशॉप्स दहा महिन्यांचे पैसे एकदम भरून वर्षभर वापरतात. दोन महिने फुकट गेले म्हणून पार्टनर अजून कुरकुरतो, पण नवीन मुलाचा पगार त्याच पैशातून निघतो.

तारीख मार्चची, साल २०२४. खर्च याच वर्षात टाकायचा म्हणून त्यांना बारा लाखांचं बिल ३१ मार्चच्या आत हवं होतं. तसं बिल फाडलं की २० एप्रिलला २ लाख १६ हजार जीएसटी आम्ही भरायचा, पैसे मात्र जूनअखेरीस. चार प्लांटसाठी आणखी दोन माणसं लागणार, त्यांचे पगार एप्रिलपासूनच सुरू. म्हणजे त्यांच्या कारखान्याला तीन महिने उसने पैसे आम्ही पुरवायचे! ऑर्डर नसताना आम्ही रडतखडत का होईना चाललो असतो. ही ऑर्डर घेऊन मे महिन्यात पगार थकले असते.

उद्यम ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी; मायक्रो म्हणजे त्यातला सर्वांत छोटा, सूक्ष्म गट. मी म्हटलं, ‘‘साहेब, आम्ही उद्यम रजिस्टर्ड आहोत, मायक्रोमध्ये. पंचेचाळीस दिवसांच्या पुढची अट कायद्यात बसत नाही.’’

‘‘अहो, सगळेच व्हेंडर नव्वदवर आहेत.’’

‘‘फायनान्सच्या साहेबांना एकदा विचारता का?’’

फायनान्सवाले आले, उभ्या उभ्याच उद्यमचं सर्टिफिकेट बघितलं. आयकर कायद्याचं ४३बी(एच) कलम त्यांना मी समजावायची गरज नव्हती. ते कलम लागू झाल्यावरचा तो पहिलाच मार्च होता. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, पैसे देतील त्या वर्षी मिळतो. मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस, नसेल तर पंधराच. म्हणजे ज्यासाठी मार्चचं बिल हवं होतं, तेच नव्वद दिवसांनी फसत होतं.

परचेसवाले मात्र चिडले. ‘‘मग आम्ही मीडियममधला व्हेंडर बघतो,’’ म्हणाले. मध्यम उद्योगाच्या बिलाला हे कलम लागत नाही, त्यामुळे ही धमकी पोकळ नसते. त्या दिवसांत बऱ्याच छोट्या पुरवठादारांना हेच ऐकावं लागत होतं. कुणाकुणाला तर उद्यम नोंदणीच रद्द करा म्हणून सांगितलं जात होतं. उशिराच्या पैशांवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण चालू गिऱ्हाइकाविरुद्ध त्या वाटेला जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून कायदा तिथेच ठेवला आणि दुसरी मांडणी केली. आधी एकच प्लांट. चाळीस टक्के अ‍ॅडव्हान्स, तोही जीएसटीसकट, कारण सेवेच्या अ‍ॅडव्हान्सवर कर लगेच भरावा लागतो. मालाच्या अ‍ॅडव्हान्सला लागू असलेली सूट आम्हाला नाही. चाळीस टक्के डेटा चढल्यावर, उरलेले वीस स्टोअरच्या माणसाने महिनाभर स्वतः चलनं काढल्यावर. हप्ते पीओतच लिहून घेतले, म्हणजे बिलंही हप्त्याहप्त्यानेच निघतात आणि न मिळालेल्या पैशांवरचा कर खिशातून जात नाही. बाकी तीन प्लांटचं नंतर बघू.

‘‘चार प्लांट देतोय तर तुम्ही एक मागताय?’’ परचेसवाले हसलेच. रेट मात्र त्यांनी एका पैशानेही पाडला नाही. माझा अनुभव असाच आहे: मोठ्या कंपनीत रेट पाडून घ्यायला जेवढी घासाघीस होते, तेवढी हप्त्यांवर होत नाही, फक्त हप्ते मागणारं कुणीतरी लागतं. त्यांनी पेनने ९० वर काट मारली, बाजूला सही केली, सुधारित पीओ मेल करतो म्हणाले.

बाहेर पार्टनर गाडीत बसून होता. बारा लाखांचे तीन झालेले ऐकून त्याने संध्याकाळपर्यंत माझ्याशी धड बोलणं टाकलं. नवीन भरती तेवढी थांबवली.

टीडीएस वजा होऊन अ‍ॅडव्हान्स जमा झाला, तेव्हा आधी त्यातले जीएसटीचे २१,६०० वेगळ्या खात्यात वळवले. मग पार्टनरला फोन केला.