ब्राउनस्टोनचे पोपडे आणि त्यांची दुरुस्ती

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन किंवा हार्लेममधलं ब्राउनस्टोन घर खरं तर विटांचं असतं. रस्त्याकडच्या भिंतीवर तेवढ्या ४ ते ६ इंच जाडीच्या तपकिरी वालुकाश्माच्या लाद्या. परसदाराकडून पाहिलं तर सहसा नुसती वीट. एकोणिसाव्या शतकात हा दगड मुख्यतः कनेक्टिकटमधल्या पोर्टलंडच्या खाणींतून जहाजांनी न्यूयॉर्कला यायचा. मऊ असल्याने नक्षी झटपट होई, म्हणून बिल्डर खूश.

खोट बसवण्यात आहे. गाळाच्या दगडाचे थर खाणीत आडवे असतात, भिंतीतही ते आडवेच हवेत. पण पातळ लादी थराच्या रेषेत सहज निघते आणि तीच उभी लावली की थर रस्त्याला समांतर होतात. पाणी मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि अख्खा पापुद्रा सुटतो. पायऱ्यांची दशा आणखी वाईट, कारण बर्फावर टाकलेलं मीठही दगडात मुरतं.

दुरुस्तीआधी हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज येतो तिथला दगड छिन्नीने पक्का भाग लागेपर्यंत काढायचा. कडा आतल्या बाजूला खोल जातील अशा तिरक्या कापायच्या, बाहेर उतरत्या ठेवल्या तर नवा थर तिथूनच उचलला जातो. मग २-३ इंचांवर अर्ध्या इंचाची भोकं पाडून पकड तयार करायची. पृष्ठभाग ओला करून पातळ रबडीचा हात द्यायचा: १ भाग पांढरं सिमेंट, २ भाग चुना, ६ भाग वाळू. ती ओली असतानाच पहिला थर, १:१:६. तो ओरखडून ठेवायचा. खोली जास्त असेल तर असे थर वाढवायचे, एकदम जाड थापायचं नाही. शेवटच्या थरात १ सिमेंट, १ चुना, २-३ वाळू, ३-४ भाग ब्राउनस्टोनचा चुरा आणि कोरडा रंग. रंग भिजलेल्या नव्हे, वाळलेल्या नमुन्यावरून जुळवा.

नुसत्या सिमेंटचा गिलावा मात्र नको. तो दगडापेक्षा कडक होतो आणि तडकला की मागचा मऊ दगड सोबत घेऊन पडतो. पाण्याला अटकाव म्हणून मारलेला सीलरही तसाच घातक, आतली ओल कोंडते आणि पोपडे त्याच्यामागे धरतात. त्यापेक्षा आधी छज्ज्याची गळती आणि खिडकीखालचे मोकळे सांधे बंद करा, तुंबलेली पन्हाळी मोकळी करा. थंडीत, ५ अंश सेल्सिअसच्या खाली, हे काम काढूच नका.