खारं लागलं की

पुलाच्या मध्यावर आले आणि हात आपसूक पर्समध्ये गेला. नाणं शोधायला, अर्थात. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर बारमथ गावाशी मौदाख नदी समुद्राला मिळते, तिथला हा पूल. १८६७ सालचा, आणि चक्क लाकडी. एका कडेनं रेल्वेचा एकेरी मार्ग, दुसऱ्या कडेनं माणसांची वाट, पायाखाली फळ्या. नाणं टाकायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पण टाकावं की नाही, असा प्रश्न पडला. त्याला कारण आजी.

एसटीनं गावी जाताना खिडकीची जागा मला मिळायची, ती नाणी टाकायची कामगिरी माझ्याकडे म्हणून. महाडला सावित्री, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. कठडे दिसले की आजी कमरेच्या पिशवीतून नाणं काढून माझ्या हातावर ठेवी. नेम चुकला तर ते कठड्यावर टणकन आपटून रस्त्यावर पडायचं आणि मागच्या बाकावरचे कुणी काका उगाचच हळहळायचे. पण रत्नागिरी सोडून पावसच्या रस्त्याला लागलो, भाट्याचा लांबलचक पूल आला, की पिशवी बंद. “अगो, ही खाडी. खारं लागलं की नदी संपली. समुद्राला काय कमी आहे?” समुद्राला द्यायचा तो नारळ, तोही नारळी पौर्णिमेला.

आजीच्या या हिशेबानं बारमथच्या पुलाखालचं पाणी दिवसातून दोनदा समुद्र होतं आणि दोनदा नदी. मी पोहोचले तेव्हा ओहोटी होती. वाळूचे पट्टे उघडे पडलेले, मधून पाण्याची एक वाकडी धार. म्हणजे नदी म्हणायला हरकत नव्हती. तरी नाणं पर्समध्येच राहिलं. पूर्वी पायी जाणाऱ्यांकडूनही इथे टोल घेत. नाणं पुलाला द्यायचं, नदीला नाही, हा साहेबी व्यवहार.

आणि खारं खरोखर लागलं ते पुलालाच. लाकूड पोखरणारा, शिंपल्यांच्या जातकुळीतला एक समुद्री किडा असतो. त्यानं खांब आतून खाल्लेत, हे १९८० मध्ये लक्षात आलं आणि गाड्या थांबल्या. पुढे दुरुस्ती झाली, गाड्या परत सुरू झाल्या. २०२० ते २०२३ या काळात पुन्हा मोठं काम निघालं. लोखंडी-काँक्रीटचा नवा पूल बांधून मोकळं व्हायचं सोडून ही माणसं दर पिढीला लाकूड बदलत बसतात, हे मला मनापासून आवडलं.

डावीकडे आतल्या अंगाला कादर इद्रिसचा डोंगर. त्यावर एकट्यानं रात्र काढली तर माणूस सकाळी कवी होऊन तरी उतरतो, नाहीतर वेडा होऊन, असं म्हणतात. आपल्याकडे यासाठी डोंगर लागत नाही.

या पुलावरून जाणारी वेल्सची किनारवाट, म्हणजे किनाऱ्यालगतची पायवाट, हे प्रकरण मोठं गमतीचं आहे. चेपस्टो ते क्वीन्सफेरी, सगळा वेल्स किनाऱ्या-किनाऱ्यानं, १४०० किलोमीटर. २०१२ च्या मे महिन्यात ती खुली झाली. पण नदी आली की वाट मुकाट्यानं समुद्राकडे पाठ फिरवते आणि पूल सापडेपर्यंत आत आत चालत राहते. त्या १४०० मध्ये नद्यांनी घालायला लावलेले हेलपाटे किती, देव जाणे. बारमथला हा पूल आहे म्हणून बरं, नाहीतर पलीकडचा काठ समोर दिसत असताना अर्धा दिवस वळसा.

पलीकडच्या काठाला लागून फेअरबोर्न नावाचं गाव आहे. बांधाच्या आड, अगदी सखल जमिनीवर. समुद्राची पातळी वाढते आहे, तेव्हा २०५४ नंतर हा बांध राखत बसायचं नाही, असं धोरण किनाऱ्याच्या सरकारी आराखड्यात मांडलं गेलं. म्हणजे गाव उठवायचं. ते जाहीर झाल्यापासून तिथल्या घरांवर बँका कर्ज द्यायला कचरतात, त्यामुळे विकून निघून जायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक मिळणं कठीण. मी गेले तेव्हा एक आजोबा कुंपणाला पांढरा रंग देत होते. दुसरा हात.