टॉवेलवाला स्पंजच्या बेटावर

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पोराने क्रूझचं बुकिंग करून दिलं, सात दिवस, अथेन्सच्या पिरेयस बंदरावरून निघून पिरेयसलाच परत. आमची अम्मा म्हणाली, हिप्परग्याच्या तलावात बोटीत बसायला घाबरतोस आणि आता समुद्रात निघालास होय. तिचं बरोबरच होतं म्हणा. सोलापूरकराचा आणि समुद्राचा संबंध काय? पण हे पोस्ट बोटीवरच्या जेवणाबद्दल नाही (जेवण भरपूर होतं, तरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बॅगेत होतीच), ते आहे सिमी नावाच्या ग्रीक बेटावरच्या एका दिवसाबद्दल.

बोट मोठी, बंदर छोटं, म्हणून आमची बोट बाहेरच उभी राहिली आणि लोकांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेलं. त्या लहान बोटीला टेंडर म्हणतात. स्पीकरवर "टेंडर तिकीट घ्या" ऐकलं आणि मी हिला म्हटलं, इथंपण महापालिका आली बघ. साडेचारला शेवटचं टेंडर, चुकलं तर बोट थांबत नाही, हे इतक्या वेळा सांगितलं की ही दिवसभर घड्याळच बघत होती.

बंदरात शिरताना मात्र गप्पच झालो. अर्धगोल खाडी, आणि डोंगराच्या उतारावर पिवळी, केशरी, फिकट निळी घरं एकावर एक चढलेली, प्रत्येकाच्या माथ्यावर देवळासारखा त्रिकोण. आणि हिरवं काही जवळपास नाहीच, नुसता खडक. मला वाटलं, शेती नाही, पाणी नाही (पूर्वी पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवून वर्ष काढायचे म्हणे, हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो), मग ही श्रीमंत घरं बांधली कशावर?

स्पंजवर. आंघोळीच्या स्पंजवर.

बंदरावर दुकानांत टोपल्या भरून स्पंज. आमचा धंदा टेरी टॉवेलचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ लूम आहेत, त्यामुळे पाणी शोषणारी वस्तू दिसली की माझा हात आपोआप जातो. दाबून बघितला, नखाने ओढून बघितला. ही म्हणाली, "अहो, जीएसएम बघताय काय?" (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन, टॉवेल त्यावरच जोखतात.) दुकानातल्या काकू हसल्या, आणि टॉवेलवाला आहे कळल्यावर खुर्चीच दिली. तोडकंमोडकं इंग्रजी त्यांचंही आणि माझंही, त्यामुळे छान जमलं.

स्पंज हा प्राणी आहे हे मला तिथं कळलं. पाण्यातून काढतात तेव्हा काळा, कातडीवाला असतो, मग पायाने तुडवून तुडवून आतला चिकट रस काढायचा, धुवायचं, वाळवायचं, उरतो तो सांगाडा म्हणजे आपला स्पंज. पूर्वी माणसं दहा-बारा किलोचा सपाट दगड हातात धरून, श्वास रोखून, उघड्या अंगाने खाली जायची. ईस्टर झाला की होड्या निघायच्या, पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, आणि परत यायच्या ते पावसाळी दिवस लागताना. मग 1860 च्या दशकात पितळी टोपाचा डायव्हिंग ड्रेस आला, वरून पंपाने हवा. आता खोल जाता येतंय, जास्त वेळ राहता येतंय, माल वाढला, पैसा वाढला. आणि माणसं लुळी पडायला लागली. खोल पाण्यात दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळतो, पटकन वर आलं की त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखं. तेव्हा हे कोणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी थांबले असते का, मला शंका आहे. माझे वडील गिरणीत होते, छातीत कापूस बसतो हे त्यांना ठाऊक होतं की.

दोन दिवस आधी अथेन्सच्या म्युझियममध्ये एक गंजलेलं यंत्र बघितलं होतं, दोन हजार वर्षांपूर्वीचं, पितळेसारख्या धातूची दातेरी चाकं, सूर्यचंद्राचं गणित करणारं. अँटिकिथेरा यंत्र. तर ते ज्या बुडालेल्या जहाजात सापडलं ते जहाज 1900 साली सिमीच्याच स्पंजवाल्यांनी शोधलं! वादळामुळे अँटिकिथेरा बेटाजवळ थांबले होते, सहज एकाने बुडी मारली आणि किंचाळतच वर आला, खाली मेलेली माणसं आहेत म्हणाला. ते होते पुतळे. नंतर माल वर काढताना एक डायव्हर मेला आणि दोघं लुळे झाले. म्युझियममध्ये मी चाकांचे दाते मोजत बसलो होतो, हे डोक्यातच आलं नाही.

मी विचारलं, हे स्पंज इथलेच ना? काकूंनी सरळ सांगितलं, बरेचसे बाहेरचे. 1986 मध्ये स्पंजला रोग आला, त्याआधीच प्लास्टिकचा स्पंज आला होता. मला एकदम आपल्या चादरीची आठवण झाली, हायवेवर "अस्सल सोलापुरी" म्हणून काय काय विकतात ते बघा. काकूंनी निदान विचारल्यावर खरं सांगितलं.

शेजारच्या दुकानात टॉवेल टांगलेले. कडा उलटून बघितली, लूप जरा ढिलेच. समोर खाडीपलीकडे डोंगर दिसत होते, ते म्हणे तुर्कस्तान. आपण आयुष्यभर टर्किश टॉवेल, टर्किश टॉवेल म्हणत विकले, आणि ते तुर्कस्तान एवढ्याशा अंतरावर. फोटो काढला, पोराला पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

वरच्या गावात जायला काली स्त्राता नावाची पायऱ्यांची वाट आहे, चारशेच्या वर पायऱ्या, भर दुपारी. सोलापूरचं ऊन खाल्लेला माणूस आहे मी असं म्हणत चढलो आणि निम्म्यात गुडघे बोलायला लागले. तिथंच एका घराच्या सावलीत बसून कडक भाकरी मोडली, चटणीवर बाटलीतलं पाणी शिंपडून. येणारीजाणारी मांजरं हुंगून निघून गेली. टेंडर सव्वाचारलाच पकडलं, हिच्यामुळे.

बारा युरोचा स्पंज आणला. घरी अम्माने हातात घेऊन उलटासुलटा केला, म्हणाली, शेवाळ कशाला आणलंस? सांगितलं, अगं प्राणी आहे तो. तेव्हापासून तो बाथरूमच्या खिडकीबाहेर, देवघराच्या विरुद्ध बाजूला.